नवमीला तोडलेलं विमान

दादा, ट्रकखाली लाकडी ठोकळे का लावले नाहीस?

तुझी राख थंड झाली तरी माझ्या डोक्यात हेच घुमतंय. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये, हे तू हजिऱ्याच्या तुझ्या गॅरेजात येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालून शिकवायचास. कुणी ऐकलं नाही तर पाना फेकून मारायचास. आणि स्वतः काय केलंस? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जॅक घसरला आणि ट्रक तुझ्या छातीवर बसला. शेजारच्या लोहारांनी पहारी लावून तो उचलला तेव्हा तुझ्यात काही उरलं नव्हतं. मला म्हणाले, फक्त तोंड बघा. मी चादर ओढली. माझा भाऊ आहे, त्याचं काय झालं ते मी बघणार नाही तर कोण बघणार? बघितलं. आता डोळे मिटले की तेच दिसतं, आणि तुझा इतका राग येतो की समोर असतास तर मीच तुला हाणलं असतं.

लोक भेटायला येतात. थाटीपुरच्या क्वार्टरात त्यांना बसायला जागा नाही, कारण अर्धं घर पोत्यांत बांधलेलं आहे. आपलं राज्य पुन्हा एकदा दुसऱ्या राज्यात गेलं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि ह्यांची बदली झाली. लोक त्या पोत्यांवर टेकतात आणि म्हणतात, "विसूभाऊंनी तुमचं कुंकू राखलं हो." दुसरे काही जण तोंडानं बोलत नाहीत, पण त्यांच्या मनातलं मला ऐकू येतं: ह्याच माणसानं हिच्या नवऱ्याचं वाटोळं केलं. दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. तू कुऱ्हाडीनं विमान तोडलंस, त्याबद्दल. त्या कुऱ्हाडीनं माझा नवरा वाचला की बुडाला, हे मला इतकी वर्षं कळलेलं नव्हतं. आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच झालं आणि अर्धं राहिलं. ते पुरं करायला बसले आहे. तुला मध्ये बोलता येणार नाही, एवढा एक फायदा आहे. जिवंतपणी तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

तू ज्यांच्या पदरी होतास त्या सरदारसाहेबांनी ते विमान आणलं तेव्हा आपलं अख्खं लष्कर गाव बघायला लोटलं होतं. एका इंजिनाचं, लहानसं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून शिवलेलं. तू मला आत बसवून दाखवलंस आणि मी म्हटलं, "हे तर आपल्या टांग्याहून हलकं आहे." तू रागावलास. औषधं आणायची, टपाल टाकायचं, पाहुणे ने-आण करायचे, पूर आला की कुठं कुठं पाणी शिरलं ते वरून बघायचं, सगळ्या कामांना ते एकच. तू त्याचा इंजिनियर. दिनकरराव त्याचे पायलट, आणि हे त्यांच्या हाताखाली शिकत होते. पंखांवर आणि शेपटीवर काळी अक्षरं होती. भारतातल्या सगळ्या विमानांची सुरुवातीची दोन अक्षरं सारखी, पुढची तीन ज्याची त्याची, हे तूच सांगितलंस. "हे त्याचं नाव, कुशे. जन्मलं कधी, कुठं आपटलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं ह्या नावाखाली लिहितात. माणूस खोटं बोलेल, पण ह्या नावाची हिस्ट्री खोटं बोलणार नाही." किती विश्वास होता रे तुझा.

मग ते पडलं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, मोरारच्या पलीकडच्या मैदानावरून उठलं आणि थोडं वर गेल्यावर इंजिन खोकलं नि बंद पडलं. दिनकररावांनी वळवायचा प्रयत्न केला. विमान नाकावर पडलं आणि कापडानं पेट घेतला. तू धावत गेलास आणि जळत्या नळ्यांत हात घालून त्यांना ओढलंस. त्यांचा पट्टा सुटेना. तू ओढत होतास आणि ते ओरडत होते, "विसू, सोड, तू मरशील." तू सोडलं नाहीस. बाहेर आले तेव्हा ते ओरडायचे थांबले होते. तुझ्या हातांची कातडी त्यांच्या कोटाला चिकटून राहिली. पुढे कितीतरी दिवस मी तुझ्या हातांच्या पट्ट्या बदलायची. कापड ओढलं की त्याबरोबर मांस यायचं आणि तू भिंतीवर डोकं आपटायचास. ते हात बरे झाले तरी मूठ पुन्हा कधी पुरती मिटली नाही.

त्या विमानाचं नाव तेव्हा रद्द झालं. मेलेल्याचं नाव रेशनकार्डावरून खोडतात तसं. तू म्हणालास, बरं झालं, सुटलं. पण सांगाडा शेडमध्ये पडून होता, आणि सरदारसाहेबांना तो फुकट जाऊ द्यायचा नव्हता. बाहेरून मिस्त्री आणले. वाकलेल्या नळ्या भट्टीत तापवून सरळ केल्या, तुटल्या तिथं जोड दिले, नवं कापड शिवलं. तू नाही म्हणत होतास. "तापवलेली नळी सरळ दिसते, असते का?" म्हणून त्यांच्याशी भांडलास. त्यांनी हसण्यावारी नेलं. विमान तयार होऊन शेडमध्ये उभं राहिलं आणि तेवढ्यात संस्थानंच उरली नाहीत. जहागीर गेली, सरदारसाहेब पुण्याला नातेवाइकांकडे निघून गेले, आणि गाद्या, बंदुका, हत्तीची झूल, मोटारी यांच्याबरोबर ते विमानही नव्या सरकारच्या खात्यात गेलं.

कोऱ्या रंगाचं विमान. एक तपासनीस आला, चहा प्यायला, त्याच्याभोवती फिरला आणि ते उडायला योग्य ठरवून गेला. नवी तीन अक्षरं मिळाली. तू नव्या अधिकाऱ्याकडे गेलास, हे विमान पडलेलं आहे असं सांगायला. तो माणूस वाईट नव्हता, सभ्यपणे म्हणाला, "विसूभाऊ, जो जहाज गिरा था, उसका नाम कट चुका है। ये दूसरा है।" तू घरी येऊन ताट भिरकावलंस. "नाव बदललं म्हणून हाड बदलतं काय? लग्नात तुझं नाव बदललं. तू दुसरी झालीस का? सांग न!" मी तुला आमटी पुसायला फडकं दिलं. मला वाटलं, भाजल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही.

आणि दादा, इकडे माझ्या घरात हे त्या विमानाच्या प्रेमात पडले होते. दिनकरराव गेले, आता हेच पायलट. चाचणीला दोनदा वर नेऊन आणलं आणि परतल्यावर जेवताना नुसते हसत होते. मी विचारलं, "ठीक आहे न?" म्हणाले, "एकदम मख्खन." मी विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

त्या वर्षी नव्या अधिकाऱ्याच्या मनात आलं, दसऱ्याला शमीच्या पूजेसाठी मैदानात गर्दी जमते, तिच्यावर विमानातून शमीची पानं उधळायची. लोकांना वाटलं पाहिजे की राजा गेला तरी सण तोच आहे. कल्पना सगळ्यांना आवडली. मलाही. खंडेनवमीला शेडमध्ये विमानाची पूजा ठेवली, शस्त्रांच्या पूजेबरोबर, आपल्याकडे पहिल्यापासून करायचे तशी. तलवारी, बंदुका, शेडमधली कुऱ्हाड, पाने, हातोडे, सगळं चौरंगावर मांडलेलं. पूजेला लावलेलं हत्यार सीमोल्लंघनापर्यंत उचलायचं नाही, हे आपल्या घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पायलटची बायको म्हणून आरती घेऊन उभी होते, नवी चंदेरी नेसून. गुरुजींनी तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी उचलली आणि ते पंखाकडे वळले.

तू ती वाटी त्यांच्या हातातून हिसकून भिंतीवर फोडलीस.

शेंदूर गुरुजींच्या उपरण्यावर, माझ्या चंदेरीवर, सगळीकडे उडाला. कुणीतरी ओरडलं, "पागल हो गया है क्या?" तू ह्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलास. "दाजी, उद्या हे उडवू नका. हात जोडतो. हे मढं आहे." हे म्हणाले, "बाजूला व्हा, तमाशा करू नका." तू म्हणालास, "तुम्हाला कळत नाही, की कळून वळत नाही?" तिथं ह्यांनी तुला पहिली थोबाडीत मारली. सगळ्यांच्या समोर. तू मारलं नाहीस. वळलास, चौरंगावरची कुऱ्हाड उचललीस, अंगावर हळदकुंकू असलेली, आणि पंखाच्या बुडात घातलीस. मूठ न मिटणाऱ्या त्या हातांनी दांडा कसा धरला होतास, देव जाणे. कापड टरकलं. नळीवर घाव बसला तेव्हा शेडमध्ये असा आवाज झाला की बायका किंचाळत बाहेर पळाल्या. मी नाही पळाले. मी आरतीचं ताट धरून उभी होते आणि तू घाव घालत होतास, पंखावर, इंजिनावर, पुढच्या लाकडी पंख्याची शकलं उडाली, एक माझ्या पायाला लागलं. ह्यांनी तुला मागून धरलं. मग तुम्ही दोघं जमिनीवर पडलात. हे तुझ्या तोंडावर ठोसे मारत होते, रडत होते आणि मारत होते, तुझे दात त्यांच्या बोटांत रुतले. माझा भाऊ आणि माझा नवरा. सोडवायला मी कुणाला धरायचं होतं, सांग?

पोलिसांनी तुला नेलं. ठाण्यात लाठ्या बसल्या. शिपाई प्रत्येक लाठीला म्हणायचा, "सरकारी माल है, सरकारी माल!" हे तू मला नंतर हसत सांगितलंस आणि मला हसू आलं नाही. तुला कैद झाली. सुटून आलास तेव्हा तू पाठीतून वाकलेला होतास आणि विमानाचं नाव काढत नव्हतास. हजिऱ्यात ट्रकांचं गॅरेज टाकलंस.

ह्यांचं काय झालं, ते तू बघायला येत नव्हतास, म्हणून सांगते. त्यांना पुन्हा विमान मिळालं नाही. घरच्याच माणसानं तोडलं, तर ह्यांचाही हात असेल, असं खात्यात कुजबुजले. दिल्लीला अर्ज केले, मुंबईला केले. सगळीकडून विचारणा इथं यायची आणि इथून जे उत्तर जायचं त्यानंतर पुढे काही यायचं नाही. मग त्याच खात्यात टेबलावर बसवलं. वर बघायचा माणूस रे तो. वरून विमान गेलं की हातातलं टाकून अंगणात जायचे आणि परत आले की घरात काहीतरी फुटायचं. बरणी, आरसा, एकदा माझी सतार. मला हात लावला नाही कधी, हे लोकांना मी अभिमानानं सांगायची. पण फुटण्याच्या आवाजाची वाट बघत जगणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. तुझं नाव घरात काढायचं नाही, हा कायदा. मी तो दर भाऊबीजेला मोडायची. पदर खोचून सांगायची, "मी चालले हजिऱ्याला, फोडा काय फोडायचं ते." आणि यायची तुझ्याकडे, तुझ्या त्या ग्रीसच्या वासात तुला ओवाळायला.

आणि प्रत्येक वेळी वाटेत मनात एकच. ह्यानं मला जिवंत नवरा दिला, की मेलेला? ते विमान चांगलं असलं तर?

गेल्या भाऊबीजेला मी कुंकवाबरोबर शेंदूरही घेऊन आले होते, तुझ्या गॅरेजातल्या मारुतीसाठी. तू पाटावर बसल्या बसल्या ती वाटी बघितलीस. म्हणालास, "कुशे, दिनकररावांना मी मारलं."

मला आधी कळेचना. तू सांगितलंस. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत जावी लागते, नाहीतर पेट्रोल अडतं. त्या पहिल्या दसऱ्याला तू भक्तीच्या भरात मारुतीला लावतात तसा तेल-शेंदूर झाकणावर थापला होतास, चांगला बोटभर. तो सुकला आणि भोक बंद. इंजिन पेट्रोलवाचून मेलं. आग विझल्यावर सांगाड्यात तुला ते झाकण सापडलं, शेंदराची खपली जळून काळी झालेली. तू ती भाजलेल्या नखांनी खरवडून काढलीस. चौकशीत कारण निघालं, इंजिनातला बिघाड. तू गप्प बसलास.

मला तुला जवळ घ्यायला हवं होतं का? मी घेतलं नाही. मी भडकले. मी म्हटलं, "मग विमानात खोट नव्हतीच! खोट तुझ्या वाटीत होती! आपल्या मनाची आग विझवायला तू माझ्या नवऱ्याचं विमान तोडलंस." तू म्हणालास, "नाही ग. पडायचं कारण मी. पण पडल्यावर ते मोडलं न? मोडलेलं हाड त्यांनी तापवून—" मी म्हटलं, "बस झालं तुझं हाड." तू म्हणालास, "सुन तो—" मी नाही ऐकलं. तू उठलास, मारुतीसमोरची ती वाटी उचलून रस्त्यावर फेकलीस आणि ओरडलास, "जा, तुझ्या नवऱ्याला सांग, खुनी मेहुणा मिळाला!" मी तुझ्यावर ओरडले, तुझ्या कारागिरांसमोर, ट्रकवाल्यांसमोर. ओवाळून झालं होतं, तेवढं बरं. नंतर आपण भेटलो ते काल-परवा, तू चादरीखाली आणि मी वर.

ह्यांना मी तुझं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता! तेवढा आनंद मला त्यांना द्यायचा नव्हता. तू माझा भाऊ होतास.

तू लग्न केलं नाहीस. घाटावर प्रश्न पडला, अग्नी कुणी द्यायचा? चुलत्यांकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा हे पुढे झाले आणि कुणाला न विचारता मडकं खांद्यावर घेतलं. हे मला मागाहून कळलं, बायका घाटावर जात नाहीत ना. आले, अंघोळ केली, ओलेत्यानं पोत्यावर बसले. मी पाणी दिलं. म्हटलं, "का दिलात अग्नी? तुमचा वैरी होता तो."

हे म्हणाले, "ते डावीकडे ओढायचं."

मी म्हटलं, "काय?"

"विमान. डावा पंख खाली जायचा. चाचणीलाच कळलं होतं. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागायचं. दुसऱ्यांदा उतरताना तर वाटलं, गेलो." मग म्हणाले, "विसूभाऊ खरं बोलत होते."

मी विचारलं, "आणि तरी दसऱ्याला उडवणार होतात?"

"हो."

"का?"

"आता काय सांगू. सगळ्यांना माहीत होतं, विसूभाऊ नाही म्हणून राहिलेत. मी पण नाही म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, मेहुण्याच्या बोलण्याला भ्याला. आधी त्यांनी नाही म्हणायचं, मग मागोमाग मी? नाही."

दादा, एवढंच होतं. फुटलेल्या बरण्या, ती सतार, तुझे पडलेले दात, तुझी कैद, माझं दर भाऊबीजेला घरातून भांडून निघणं, सगळं एवढ्यासाठी. हे दसऱ्याला वर गेले असते, मैदानातल्या हजारो माणसांवर तो पंख मोडून खाली आले असते आणि मी खाली चंदेरी नेसून उभी असते. तू बरोबर होतास. तापवलेली नळी सरळ नव्हती. मी भाऊबीजेला तुझं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर तू हेच सांगितलं असतंस, आणि मी विश्वास ठेवला नसता, कारण मला नवऱ्यानं सांगितलं होतं, मख्खन.

तू माझा नवरा मला ठेवलास. मी तुझे उपकार मानते, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. तू जे दिलंस ते कसंही निघालं तरी दिलंस तूच, तुझी हाडं मोडून घेऊन. मी हे तुझ्या तोंडावर म्हणू शकले नाही, कारण मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा.

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि ह्यांच्या थोबाडीत मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दार उघडं होतं, शेजारच्या बाई ताक घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. ह्यांनी हात धरला नाही. गालावर बोटं उठली तरी तसेच खाली बघत बसून राहिले.

ती तुझ्या वाटची होती, दादा. माझ्या वाटची मारायला हात उचलला आणि बघितलं, तो माणूस तुझ्यासाठी रडत होता.